ठोकळ्याएवढी फट

माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर खिळ्याला सागवानाचा एक ठोकळा टांगलेला आहे. जाडी ८९ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंच. बालवाडीचं किंवा बागेचं कुंपण तयार झालं, की रंग मारण्याआधी मी तो प्रत्येक फटीला लावून बघतो. एका जरी फटीतून तो पार गेला, तर तिथले टाके तोडून सळई सरकवतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी वीस वर्षं लोखंडाचं काम करतोय. ठोकळा मात्र बारा वर्षांचा. त्या वर्षी एका बालवाडीला गेट करून दिलं होतं, पाच-पाच इंचांच्या फटींचं. एका दुपारी तिथल्या बाईंचा फोन आला. जाऊन बघतो तर तीन-साडेतीन वर्षांचं पोर, अंग गेटच्या बाहेर आणि डोकं आत. पाय, कंबर, छाती सगळं सरकून गेलं होतं, कानांपाशी अडकलं. रडून रडून आवाज बसलेला. त्याच्या पायांखाली स्टूल देऊन बाई त्याला सावरून होत्या. ग्राइंडर लावता येईना, ठिणग्या थेट तोंडावर उडाल्या असत्या. शेवटी गाडीचा जॅक दोन सळयांमध्ये आडवा घातला आणि हळूहळू फाकवत नेला. पोर सुटलं आणि बाईंना बिलगलं. मी तिथेच उभा राहिलो. गेट माझ्या हातचं होतं.

मोठ्या माणसाचं डोकं गेलं तरी खांदे अडतात. लहान मुलाचं उलट असतं, अंग सरकून जातं आणि डोकं अडतं. पायांकडून शिरलं की अंग पार होतं आणि सगळा भार मानेवर येतो. ईएन ११७६ या युरोपीय मानकात खेळाच्या साधनांसाठी याचा हिशेब दिलेला आहे. फट ८९ मिलिमीटरपेक्षा कमी हवी, म्हणजे अंगच शिरणार नाही. नाहीतर २३० पेक्षा जास्त, म्हणजे डोकंही निघेल. मधलं माप घातक. माझे पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर, नेमके त्या मधल्या मापातले.

तरी लोक पाच इंच मागतात, कारण आमच्याकडे भाव किलोवर ठरतो. तीन मीटर लांबीत १२ मिलिमीटरची चौरस सळई पाच इंचांवर लावली तर सुमारे बावीस लागतात. ८५ मिलिमीटरवर एकतीस. मीटरभर उंचीच्या नऊ सळया जास्त, म्हणजे दहा किलो लोखंड. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मी हा हिशेब कागदावर मांडतो आणि त्याच्या हातात ठोकळा देतो. बहुतेक जण गप्प होतात.

बाकी गोष्टीही मुलाच्या अंगावरूनच ठरतात. मधे आडव्या पट्ट्या नकोत, त्यांची त्याच्या पायाला शिडी होते. वर भाले नकोत, चढणारं मूल कधीतरी घसरतंच. पत्रा ठोकायचा नाही, बाकावरच्या आईला मूल दिसलं पाहिजे. बिजागरीकडची फट गेट उघडताना-मिटताना कुठेच १२ मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही, बोट तिथेच चेंगरतं. आणि सरकतं गेट असेल तर रुळाच्या दोन्ही टोकांना स्टॉपर वेल्ड केल्याशिवाय मी जागा सोडत नाही. रुळावरून उतरलेलं गेट अख्खंच्या अख्खं आडवं होतं.

काम ताब्यात देताना मी गुडघ्यांवर बसतो आणि दोन-तीन फूट उंचीवरून उघडा तळवा सगळ्या सळयांवर फिरवतो. कुठे टाक्याची कोर लागली, कुठे बोल्टचं टोक टोचलं, की कानस काढतो. उभं राहून हे कधीच सापडत नाही.

ठोकळा घासून घासून जवळजवळ एक मिलिमीटर बारीक झालाय. मुलगा म्हणतो, बाबा, नवा करूया. मी म्हटलं, राहू दे. बारीक ठोकळा जास्त फटी पकडतो.