पायडल न मारता

नागपुरात कोणी सायकल चालवतो म्हटलं की पहिला प्रश्न किलोमीटरचा. त्यात लोकांचं चुकत नाही. इथल्याच डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. आमची सायकल मात्र प्लॉटाबाहेर जातच नाही.

बेसा भागातल्या एका ले-आउटमध्ये मित्राच्या काकांचा प्लॉट पडून आहे. तिथे आम्ही पंप ट्रॅक केला. मातीच्या उंचवट्यांची गोल फिरून येणारी वाट, दोन्ही टोकांना तिरपी उचललेली वळणं. प्लॉटची काळी माती कामाची नाही. उन्हात भेगाळते, पावसात फुगते. म्हणून मुरुमाची ट्रॉली मागवली, पाणी मारून धुम्मसानं ठोकला. उंचवटा फूटभर असेल तर पुढचा साधारण दहा फुटांवर, हे गणित जमलं की निम्मं काम झालं.

सीट पार खाली, टायर टणक. चढ आला की हातपाय सैल सोडायचे, सायकलला अंगाजवळ येऊ द्यायचं. माथा ओलांडला की उतारावर तिला दाबायचं. उभ्यानं झोका चढवतात तसंच. वेळ साधली तर दर उतारावर वेग वाढतो. जराशी चुकली की पुढचा उंचवटा छातीवर हात ठेवून थांबवतो. एका फेरीत मांड्या पेटतात, दुसरीत मनगटं. आणि पाय सवयीनं फिरायला लागले की कडेवरून ओरडा ठरलेला, “पायडल नको मारू बे!”

महागडी शॉकअपवाली सायकल इथे मार खाते, कारण आपण दिलेला दाब तिच्या स्प्रिंगाच गिळतात. त्यापेक्षा एकाची जुनी, कडक फोर्कची रेंजर झकास पळते. तो तिला हात लावू देत नाही, हा भाग वेगळा.

परवा हेल्मेटवाले एक काका रस्त्यावरून येता येता थांबले. “किती झाले आज?”

“काका, अजून प्लॉटातच आहो.”

त्यांनी एक चक्कर मारून पाहिली, धापा टाकत उतरले. मग सगळे मिळून तर्री-पोहे खायला गेलो, तर पैसे त्यांनीच दिले.

प्लॉटवाल्या काकांचं घर दिवाळीनंतर सुरू होणार म्हणतात. आमचा मुरुम चांगला दबलेला आहे, प्लिंथ भरायला चालेल, असं ते आतापासूनच बोलून बसलेत.