सात जणांची फळी

कबड्डीचा सामना पाहायला गेलेला माणूस कोणाकडे पाहतो? चढाई करणाऱ्याकडे. दम घेऊन, मांडीवर थाप मारून तो निघाला की सगळ्यांचे डोळे त्याच्या मागे जातात. गुण घेऊन परतला तर टाळ्या त्याच्या, धरला गेला तर हळहळही त्याचीच. समोर सात जण उभे असतात, ते कसे उभे आहेत, तसेच का उभे आहेत, हे पाहणारा शंभरात एखादाच. आणि आमचा अनुभव असा की सामना पुष्कळदा त्या उभे राहण्यातच जिंकला वा हरला जातो.

आम्ही गोंदियाजवळच्या मुर्रीचे. दिवसा कचेरीत कारकुनी करायची आणि संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना मैदानावर गोळा करायचे, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ. शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे कोणतीही गोष्ट समोर आली की जमा काय आणि नावे काय, हे मांडून पाहण्याची खोड लागलेली. कबड्डीच्या बचाव फळीचाही आम्ही असाच ताळेबंद मांडला. तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा प्रपंच.

आधी जागेचा हिशेब करू. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्य रेषेने त्याचे दोन भाग होतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर. दोन्ही कडांचे एकेक मीटरचे राखीव क्षेत्र झटापट सुरू होईपर्यंत वापरता येत नाही, म्हणून रुंदी उरली ८ मीटर. मध्य रेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा. चढाई करणाऱ्याला ती ओलांडावीच लागते, म्हणून बचाव करणारे बहुधा तिच्या मागेच उभे राहतात. मागे उरले पावणेतीन मीटर. आठ गुणिले पावणेतीन म्हणजे २२ चौरस मीटर. दोन लहान खोल्यांएवढी जागा आणि राखणारे सात. एकेकाच्या वाट्याला तीन चौरस मीटरपेक्षा जरासे जास्त! ऐकायला जागा अगदी थोडी वाटते. पण चढाई करणाऱ्याला तेवढीही नको असते. त्याला हवी असते दोन माणसांमधली एक हाताची फट.

आता हे सात जण उभे कसे राहतात ते पाहू. दोन टोकांना दोन कोपरारक्षक. त्यांच्या शेजारी दोन ‘इन’. त्यांच्या पुढे आत दोन ‘कव्हर’ आणि मधोमध एक. कोपऱ्यातला घोटा धरतो, मांडी धरतो. कव्हरचा खेळाडू धडक देऊन चढाईवाल्याला बाहेर ढकलतो किंवा परतीची वाट अडवतो. इन आणि मधला यांचे काम मदतीला धावायचे. नावे सगळ्यांना ठाऊक असतात. खरा प्रश्न असतो तो कोणी कोणाचा हात धरायचा, हा.

एक रचना दोन-तीन-दोनची. डावा कोपरा आणि इन यांची एक साखळी, मधल्या तिघांची दुसरी, उजव्या दोघांची तिसरी. जमेची बाजू ही की कोणीही एकटा नाही. एकाने पाय धरला की दुसरा त्याच क्षणी कमरेला बिलगतो. नावेच्या बाजूला दोन रकमा. पहिली, साखळी म्हटली की हालचाल जड होते आणि दोन साखळ्यांच्या मध्ये सांधा उरतो. हुशार चढाईवाला नेमका त्या सांध्यात पाय घालतो. दुसरी अधिक मोठी. पकड सुटली तर धरणाऱ्या प्रत्येकाचा स्पर्श मोजला जातो, म्हणजे दोघे-तिघे एकदम बाद. जिथे एक गुण जायचा तिथे तीन जातात.

दुसरी रचना एक-दोन-एक-दोन-एक. दोन्ही कोपरे मोकळे, मधला मोकळा, आणि त्यांच्या मध्ये इन व कव्हर यांच्या जोड्या. इथे कोपऱ्यातला चपळ होतो, मनाप्रमाणे पुढे-मागे सरकतो आणि केव्हा झडप घालील याचा अंदाज येत नाही. पण त्याने घोटा धरल्यावर मदत येते ती एक श्वास उशिराने. तेवढ्या वेळात दांडगा चढाईवाला त्याला फरपटत मध्य रेषेपर्यंत नेतो.

पुढे उभे राहावे की मागे, हाही असाच व्यवहार आहे. निदान रेषेच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा, आणि तिथून अंतिम रेषा पावणेदोन मीटर. सारी फळी मागे खेचली तर हाताचा स्पर्श टळतो, पण बोनस फुकट जातो. पुढे आणली तर बोनस आवळतो, पण कव्हरचे खेळाडू हाताच्या टप्प्यात येतात आणि एकदा ओलांडून गेलेल्याला धरायला मागे कोणी नसते. मैदानात सहा किंवा सात असतील तेव्हाच बोनस मिळतो, पाच उरले की तो बंद. आणि आजच्या नियमांप्रमाणे तीन किंवा त्याहून कमी जणांनी पकड केली तर एक गुण जास्तीचा. म्हणजे फळी जितकी विरळ, तितका धोका मोठा, पण हाती लागणारे मोलही मोठे.

सांगायचे तात्पर्य, एका ठिकाणी भर टाकली की ती दुसरीकडून काढलेली असते. आमच्याकडच्या धानाच्या बांधीचा धुरा बांधताना जसे होते तसेच. माती शेवटी त्याच बांधीतून उचलायची असते.

हे दुखणे काही कबड्डीचेच नाही. अमेरिकेत त्यांचा एक निराळा फुटबॉल आहे. नाव फुटबॉल असले तरी चेंडू हातात घेऊन पळायचा आणि फेकायचा. बाजूला अकरा जण. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, आणि समोरच्यांनी त्यांना रोखायचे. तिथेही पहिल्या ओळीत चार ठेवावेत की तीन, यावर वर्षानुवर्षे खल चालतो. चार पुढे आणि तीन मागे ठेवले तर ओळ भरभक्कम होते, पण कोणते चौघे धावून येणार हे समोरच्याला आधीच कळते. तीन पुढे आणि चार मागे ठेवले तर चौथा कुठून येईल याचा पत्ता लागत नाही, पण ओळ पातळ होते आणि सरळ मधून घुसणाऱ्याला अडवायला मधला गडी पहाडासारखा लागतो.

शिकागोच्या संघाने १९८५ च्या मोसमात तर आठ-आठ जण पुढे आणून उभे केले. चेंडू फेकणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत नाही. मोसमातल्या १६ पैकी १५ सामने त्यांनी जिंकले आणि जानेवारी १९८६ मध्ये अंतिम सामना ४६-१० असा खिशात घातला. मग तो एक सामना हरले कसे? मायामीच्या संघाने आपले चेंडू पकडणारे गडी लांब-लांब पसरवले आणि धावून येणारे पोहोचण्याआधीच चेंडू सोडून दिला. पुढे गर्दी केली म्हणजे मागे राखण विरळ. निकाल ३८-२४. देशातली सर्वांत कडवी फळी, पण तिच्यातही मोकळी जागा होतीच. ती हेरणारा भेटायला फक्त वेळ लागला.

आपल्या खेळात हा धडा आपल्यालाही मिळाला आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जगाला जी कबड्डी दाखवली, ती १९९० मध्ये आशियाई स्पर्धांत आली, आणि २०१४ पर्यंत पुरुषांचे सुवर्णपदक भारताबाहेर गेले नाही. २०१८ मध्ये जकार्ता येथे उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असे हरवले. आपल्या संघाला अवघे अठरा गुण! डाव्या कोपऱ्यात फझल अत्राचली नावाचा गडी उभा होता, आणि त्याने घोटा धरला की शेजारचे दोघे-तिघे न सांगता येऊन पडत. महिलांचा अंतिम सामनाही इराणने २७-२४ असा जिंकला, आणि त्या मुलींना घडवणाऱ्या प्रशिक्षिका होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. एक मराठी बाई परदेशात जाऊन फळी बांधून देते, याचा अभिमान बाळगायचा की आपल्या फळीची काळजी करायची? आम्ही दोन्ही केले.

आता आमच्या वस्तीची गोष्ट. आमच्या संघात डाव्या कोपऱ्यात एक मुलगा आहे आणि त्याच्या शेजारी इनला त्याचाच चुलतभाऊ. दोघांचा खेळ एकमेकांना पूरक. एक धरणारा, दुसरा दाबणारा. पण एका पावसाळ्यात त्यांच्या वडिलांमध्ये धुऱ्यावरून वाद झाला. कोणी किती हात माती सरकवली, यावरून बोलणे बंद झाले, आणि घरातली भाऊबंदकी मैदानावर आली. सरावाला दोघेही येत, शेजारी उभे राहत, पण हात धरत नसत. आम्ही विचारले तर मोठा म्हणाला, “काका, मी एकटा सांभाळतो ना डावी बाजू. हात धरायला नका सांगू.” धाकटा तर काहीच बोलला नाही. जमिनीकडे पाहत राहिला.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि कुठे कुठे रात्रीचे कबड्डीचे सामने लागतात. अशाच एका गावी आमचा संघ गेला. हात धरायचे नाहीत म्हणून आम्ही दोघांना वेगळे केले, मोठ्याला कोपऱ्यात मोकळा ठेवला आणि धाकट्याला कव्हरशी जोडले. पूर्वार्ध निभावला. पण समोरच्यांचा चढाईवाला जाणता होता. डावा कोपरा आणि इन एकमेकांकडे पाहतसुद्धा नाहीत, हे त्याने ओळखले. उत्तरार्धात तो सारखा तिथेच येऊ लागला. कोपऱ्यातल्याने तीनदा घोटा धरला आणि तिन्ही वेळा एकटाच फरपटला गेला. फळी ओसरत-ओसरत तीन जणांवर आली. दोन हे चुलतभाऊ आणि तिसरा उजवीकडचा.

सात असताना शेजारी कोण हवा हे निवडता येते. तीन उरल्यावर ती चैन नसते. चढाईवाला पुन्हा डावीकडेच आला. मोठ्याने घोटा धरला. धाकटा क्षणभर जागेवर थांबला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. मग तो धावला आणि चढाईवाल्याच्या कमरेवर सारे अंग टाकून पडला. पंचांनी दोन गुण दिले. उठताना दोघांनी एकमेकांना हात दिला की नाही, हे धुळीत दिसले नाही.

सामना आम्ही चार गुणांनी हरलो. धुऱ्याचा वाद मिटला, असेही नाही. तो मोजणीवाल्याच्या साखळीने मिटायचा. पण दुसऱ्या दिवशी सरावाला आम्ही दोन-तीन-दोनची रचना सांगितली, तेव्हा डाव्या बाजूला हात धरलेले होते. आम्ही त्यावर एक शब्दही काढला नाही.

वाचकहो, या गोष्टीतून मोठा उपदेश करावा असा आमचा अधिकार नाही. पण दोन-तीन साध्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी. आपण स्पर्धा भरवतो तेव्हा उत्कृष्ट चढाईसाठी मोठे बक्षीस ठेवतो आणि पकडीसाठी त्याहून लहान. इनला उभा राहून आयुष्यभर दुसऱ्याच्या पकडीवर धावणाऱ्याला काहीच नाही. मग प्रत्येक पोराला चढाईच करायची असते, यात त्याचे काय चुकले? एक बक्षीस मदतीला धावणाऱ्यासाठी ठेवून पाहा. सरावात फरक दिसेल.

दुसरी, आई-वडिलांसाठी. खेळून काय मिळणार, असे पुष्कळ घरांत विचारले जाते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यासाठी ठरलेल्या पातळीवरच्या स्पर्धांची कामगिरी आणि प्रमाणपत्रांची पडताळणी लागते. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावे. मुलींच्या बाबतीत तर विशेष. त्यांचे मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, पण त्या मैदानापर्यंत पोहोचण्याची वाट घरातूनच मोकळी व्हावी लागते.

आणि तिसरी, मुलांसाठी. प्रशिक्षकाला ‘सर्वांत चांगली रचना कोणती?’ असे विचारू नका. तशी रचना कबड्डीत नाही आणि अमेरिकेच्या फुटबॉलातही नाही. विचारायचे ते हे, की आज आपल्या फळीत मोकळी जागा कुठे आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोण उभे आहे? ते दोघे एकमेकांशी बोलतात ना? ही चौकशी सामन्याआधी झाली तर बरी. नाही तर समोरचा चढाईवाला ती तीस सेकंदांत करून जातो.

यंदा मंडईला गेलात आणि सामना पाहायला उभे राहिलात, तर एक-दोन चढाया तरी चढाईवाल्याकडे पाहू नका. त्या सात जणांचे हात पाहा.