परीक्षेची दुसरी खेप

आपल्या वार्षिकांत यशाच्या वार्ता पुष्कळ येतात. अपयशाची हकीकत मात्र क्वचितच वाचावयास मिळते. म्हणून आम्ही स्वतःचीच एक हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे. ती विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल, आणि त्यांच्या पालकांच्या कदाचित् अधिक.

आमचें गांव राहू. भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांमधील या मुलुखास लोक राहू बेट म्हणतात. ऊंस हें येथील मुख्य पीक आणि गुऱ्हाळ हा जुना व्यवसाय. आमच्या वडिलांचेंही एक लहानसें गुऱ्हाळ आहे. गूळ आपण करावा आणि भाव दुसऱ्यानें ठरवावा, हें लहानपणापासून पाहिल्यामुळें व्यापार-व्यवस्थापनाचें शिक्षण घ्यावें अशी इच्छा आमच्या मनांत उत्पन्न झाली. पदवी हातीं येतांच आम्ही एम्. बी. ए. च्या प्रवेशासाठीं राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेस बसलों.

त्या परीक्षेंत प्रश्न २०० आणि वेळ १५० मिनिटें. म्हणजे एका प्रश्नास अवघे ४५ सेकंद. तर्काचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजी भाषेचे ५०, अशी त्यांची वांटणी. उत्तर चुकलें तरी गुण कापले जात नाहींत. ‘कॅट’ नांवाच्या दुसऱ्या प्रवेश परीक्षेंत मात्र पर्यायी प्रश्न चुकल्यास एक गुण वजा होतो. आम्ही तयारी केली होती ती कॅटच्या पुस्तकांवरून. तेथील भीति आम्ही येथेंही बरोबर नेली, आणि ज्यांविषयीं शंका वाटली असे ३८ प्रश्न कोरे सोडून आलों. नियम वाचला नव्हता असें नाहीं; परंतु घड्याळ लावून एकही पूर्ण प्रश्नपत्रिका सोडविली नसल्यामुळें तो अंगवळणीं पडला नव्हता.

निकाल लागला : ७२ पर्सेंटाइल. अण्णांनीं विचारलें, “किती पडले?” आम्ही म्हणालों, “बहात्तर.” “शंभरापैकीं बहात्तर? मग फर्स्ट क्लासच कीं!” असें म्हणून त्यांनीं गुऱ्हाळावरील सर्वांस ताजा गूळ वांटला. वस्तुतः ते गुण नव्हतेच. शंभर उमेदवारांत सुमारें बहात्तर आमच्या बरोबरीचे वा मागें आणि अठ्ठावीस पुढें, एवढाच त्याचा अर्थ. ज्या महाविद्यालयांची आम्ही आशा धरिली होती, त्यांचीं दारें एवढ्यानें उघडणार नव्हतीं. हें सर्व ठाऊक असूनही आम्ही गप्प राहिलों. आपण खोटें बोललों नाहीं, अशी मनाची समजूत घातली. परंतु दुसऱ्याचा गैरसमज आपल्या सोयीसाठीं तसाच राहूं देणें हेंही असत्यच होय.

दहाव्या दिवशीं अण्णा आमच्या फीसाठीं कर्ज काढावयास निघाले, तेव्हां मात्र राहवेना. काहिलीपाशीं उभे राहून आम्ही सर्व सांगून टाकिलें. अण्णा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “कमी पडलास याचें कांहीं नाहीं. नऊ दिवस मला उगाच हंसूं दिलेंस, त्याचें वाईट वाटलें.” इतक्यांत गुळव्यानें उकळता पाक थोडासा घेऊन गार पाण्यांत टाकिला, आणि त्याची गोळी होते कीं नाहीं तें बोटांनीं पाहिलें. अण्णा म्हणाले, “बघ. काहील उतरण्याआधीं हा रोज पाक पारखतो. तूं तुझा पाक पारखलाच नाहींस.”

पुढील वर्ष आम्ही त्याच वाक्यावर काढिलें. सकाळीं गुऱ्हाळाचा हिशेब, दुपारीं अभ्यास, आणि दर रविवारीं घड्याळ लावून एक पूर्ण प्रश्नपत्रिका. चुकांसाठीं एक वही केली व तींत तीन रकाने आंखिले : येत नव्हतें, घाईनें चुकलें, वेळ पुरला नाहीं. पहिला रकाना सर्वांत मोठा असेल असें वाटलें होतें. मोठा निघाला दुसरा.

मन खचे तेव्हां जवळच्या केडगांवचें स्मरण होई. तेथें मुक्ति मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें. श्रवणदोषामुळें ती वाट बंद झाली. त्यांनीं शिक्षणाची दुसरी वाट धरिली. पुढें हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचें मराठी भाषांतर केलें, आणि १९२२ सालीं देह ठेवण्यापूर्वीं तें पूर्णही केलें. त्यांच्या कार्यापुढें आमची परीक्षा ती काय!

दुसऱ्या खेपेस एकही प्रश्न कोरा सोडिला नाहीं. ९३ पर्सेंटाइल मिळाले. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेचें आमचें स्वप्न तेवढ्यानेंही पुरें झालें नाहीं. पुण्यांतील एका महाविद्यालयांत मात्र प्रवेश मिळाला. निकाल पाहतांच आम्ही अण्णांकडे गेलों आणि म्हणालों, “अण्णा, शंभरांत सुमारें सात जण अजून पुढें आहेत.” ते हंसले आणि म्हणाले, “मग आज गूळ वांटूं ना?”

विद्यार्थी मित्रहो, परीक्षा पुन्हां देतां येते. त्यांत लाज नाहीं. पहिल्या वेळीं काय चुकलें हें न शोधतां ती पुन्हां देणें मात्र व्यर्थ होय. आणि पालकांस नम्र विनंती कीं, मुलाचा निकाल विचारतांना त्याला खरें सांगण्याचा धीर होईल असें विचारावें. अण्णा त्या दिवशीं रागावले असते, तर दुसरी खेप आम्हांस साधली असती कीं नाहीं, कोण जाणे!