चष्म्यावरून दुर्बीण
पावसाळा सरल्यावर दुर्बिणीची पेटी उघडली आणि बंद खोलीतल्या गोधडीला येतो तसा कुबट वास आला. उजेडाकडे धरून उलट्या बाजूने आत पाहिलं, तर डाव्या नळीत बुरशीचे पांढरे तंतू पसरलेले. दुरुस्तीवाला म्हणाला, बुरशीने भिंगावरचा लेपच खाल्लाय. काच पुसून देईन, पण लेप काही परत चढणार नाही. म्हणजे नवी घेणं आलं. या खेपेला आत नायट्रोजन भरून हवाबंद केलेली घ्यायची. दमट हवा तिच्यात शिरत नाही.

दुर्बीण घ्यायची म्हटलं की मला आई आठवते. भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यात, होडीत बसलेली. समोर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा, माना पाण्यात घालून चरणारा. मी दुर्बीण तिच्या हातात दिली. तिने ती चष्म्यावर टेकवली, मान जराशी इकडेतिकडे केली.

"दिसले का?"

"हो, दिसले की. छान आहेत." आणि लगेच दुर्बीण परत माझ्या हातात.

त्या घाईचा अर्थ मला चष्मा लागल्यावर कळला. डोळा नेत्रिकेपासून ठरावीक अंतरावर असला तरच पूर्ण गोल दिसतो. आमच्या जुन्या दुर्बिणीत हे अंतर जेमतेम दहा मिलिमीटर होतं आणि त्यातलं बरंचसं चष्मा खाऊन टाकायचा. उरायचं ते मधोमध एक छोटं वर्तुळ आणि भोवती नुसता काळोख. आईला त्या दिवशी फार तर एखादी मान दिसली असेल. खोक्यावर या अंतराला 'आय रिलीफ' म्हणतात. चष्मेवाल्याला ते निदान पंधरा-सोळा मिलिमीटर हवं, आणि नेत्रिकेभोवतीच्या कडा पूर्ण खाली करता यायला हव्यात.

दुकानात हे कोणी सांगत नाही. तिथे विचारतात, दहापट देऊ की वीसपट? या मोठ्या आकड्यांवर माझा जुना राग आहे. वीसपट दुर्बिणीत हाताची थरथरही वीसपट होते, दिसणारा प्रदेश आक्रसतो, आणि पानाआडचा वटवट्या सापडेपर्यंत उडून गेलेला असतो. माझं मत आठ बाय बेचाळीसला, म्हणजे आठपट आणि समोरचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं. बेचाळीसला आठने भागलं की सव्वापाच. तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात उतरतो. दहा बाय बेचाळीसमध्ये तो ४.२ वर येतो आणि पहाटेच्या अंधूक उजेडात हा फरक जाणवतो. सात बाय पन्नासचा झोत सात मिलिमीटरचा, पण साठीतल्या डोळ्याची बाहुली सहसा तेवढी उघडतच नाही. मानेला ओझं मात्र पुरेपूर. घेण्याआधी दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे रोखावी. नेत्रिकांमध्ये दोन उजळ टिकल्या दिसतात. त्या स्वच्छ गोल असाव्यात; कडा चौकोनी कापल्यासारख्या करड्या दिसल्या तर आतले लोलक हलक्या काचेचे. पंधरा-वीस हजारांत एवढं सगळं मिळतं. त्याच्या कितीतरी पट पैसे मोजून जे जास्तीचं मिळतं, त्यावाचून माझं अडलेलं नाही.

दुर्बिणीत लोलक बसवायची रचना इटलीच्या इग्नात्सिओ पोरोची, १८५४ ची. झाइस कंपनीने तिच्यावरून आजच्या वळणाची दुर्बीण १८९४ मध्ये बाजारात आणली. त्याच्या दहा वर्षं आधी, १८८४ मध्ये, जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात रानपिंगळा टिपला होता. बंदुकीने, तेव्हा पक्षी ओळखायचा म्हणजे आधी तो मारायचा. त्यानंतर तो कोणाही अभ्यासकाला दिसला नाही. पुढे मायनर्टझहागेन या पक्षिसंग्राहकाने डेव्हिडसनचा एक नमुना चोरून तो आपण १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचं दडपून सांगितलं आणि शोधणारे भलतीकडेच शोधत राहिले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि तिच्या सोबत्यांना शहाद्याजवळ तो जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी! तोही सकाळच्या उजेडात.

शहाद्याकडचं म्हणजे माझ्या आईच्या माहेरचं रान. ती सांगायची, रानातला पिंगळा दिवसाढवळ्या बसलेला असतो. साधा पिंगळाही दिवसा दिसतो, तेव्हा यावरून काही सिद्ध होत नाही. पण सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल गुराख्यांनी तो शंभर वर्षं पाहिलाच नसेल, हे मला पटत नाही. त्यांना कुणी विचारलं नाही. आईलाही मी एकदाच विचारलं आणि ती 'हो' म्हणाली.

मामी अजून तिकडेच असतात. आईसारख्या भिडस्त नाहीत. फोनवर म्हटलं, नवी दुर्बीण घेऊन येतो, आपण तोरणमाळला जाऊ. त्या म्हणाल्या, "ये. पण माझा चष्मा जाड आहे, ते बघून घे. नाही दिसलं तर मी दिसलं म्हणणार नाही."