सात मेगापिक्सेल आणि आईचा गाल

आईचं फर्मान सुटलं, "सत्तरीला माझा एक धड फोटो काढ. भिंतीवर लावण्यासारखा."

आता आमच्याकडे फोन प्रत्येकाच्या खिशात. पण मला आठवला माळ्यावरचा कॅनन पॉवरशॉट ए-६२०! मॉडेल २००५चं, मी घेतला २००६मध्ये, पहिल्या बोनसातून. तेव्हा ऑफिसात काय भाव खाल्ला होता! ७.१ मेगापिक्सेल, चार पट झूम आणि दरवाजासारखा उघडून फिरणारा दोन इंची स्क्रीन. म्हटलं, होऊन जाऊ दे एक टेस्ट. जुना गडी विरुद्ध नवा फोन.

याला चार पेन्सिल सेल लागतात. वाण्याकडचे साधे टाकले, तर लेन्स निम्मी बाहेर येऊन गपगार. मग चार्जिंगवाले आणले, तेव्हा कुठे स्वारी जागी झाली.

दुपारी आईला इरकल नेसवून खिडकीपाशी बसवलं. आयएसओ ५०. बटण आधी अर्धं दाबायचं, फोकस लागला की पूर्ण. फोनमुळे ही सवयच गेलीय, त्यामुळे पहिल्या चार फोटोंत आईचं हसू निसटलेलं. "झालं का रे?" म्हणणारी आई मात्र चारही वेळा सापडली! पाचवा जमला. आणि काय जमला! साडीच्या काठाचा धागान् धागा वेगळा.

संध्याकाळी ट्यूबलाइटखाली मात्र विकेट पडली. आयएसओ ४००च्या पुढे हा जातच नाही आणि तिथेही फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे. बिचाऱ्याचा सेन्सर जेमतेम सात मिलिमीटर रुंद. उजेड कमी पडला की सिग्नल वाढवायचा, त्याच्याबरोबर खरखरही वाढते. फ्लॅश मारला तर आईच्या चष्म्यात दोन सूर्य! फोनचा सेन्सरही काही मोठा नसतो, पण तो गुपचूप अनेक फ्रेम घेतो आणि एकत्र करून दाणे पुसतो. रात्रीचा सामना फोनने एकतर्फी जिंकला, वाद नाही.

मग दुपारचे दोन्ही फोटो लॅपटॉपवर शेजारी शेजारी ठेवून मोठे केले. आईच्या डाव्या गालावर एक डाग आहे. मी चौथीत असताना दिवाळीच्या चकल्या तळताना तेल उडालं होतं, कारण मी मागून येऊन तिचा पदर ओढला होता. कॅमेऱ्याच्या फोटोत तो डाग जसाच्या तसा. फोनच्या फोटोत नाही. ब्युटी मोड बंद होता, तरी दाण्यांबरोबर यानं तोही पुसलेला.

माझा निकाल लागला होता. ३०७२ बाय २३०४ पिक्सेल म्हणजे दहा बाय साडेसात इंचाची प्रिंट आरामात. आईला दोन्ही दाखवले. तिने क्षणाचाही विचार न करता फोनच्या फोटोवर बोट ठेवलं.

"अगं, पण त्यात डाग गेलाय."

"तो रोज आरशात दिसतो की! भिंतीवर कशाला?" मग चष्मा सारखा करत म्हणाली, "आणि तुला अजून आठवतंय होय ते?"

प्रिंट दोन्ही काढल्या. हॉलमध्ये फोनची लागलीय. पॉवरशॉटची माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते.