परतीचं गाठोडं

कोकण मनीऑर्डरीवर जगलं, असं आपल्याकडे ठरूनच गेलं आहे. स्थलांतराचा अभ्यास करताना मला हा हिशेब नेहमी एकतर्फी वाटत आला. मुंबईच्या गिरणगावातून रत्नागिरी जिल्ह्यात (१९८१ पर्यंत सिंधुदुर्गही त्यातच) मनीऑर्डरीने गेलेल्या रुपयाची नोंद टपाल खात्यात होई. तिकडून मुंबईला आलेल्या तांदळाची कुठेच होत नसे.

गणपती किंवा शिमगा आटोपून निघालेला चाकरमानी रिकाम्या हाताने परतत नसे. उकडे तांदूळ, कुळथाची पिठी, तिरफळं, आंबोशी, फणसाची साठं, आणि कितीही आवळून बांधले तरी अख्ख्या गाडीला आपला पत्ता सांगणारे सुके बांगडे. एरवी मुंबईला निघालेल्या गाववाल्याच्या गळ्यात ओझं पडे. तो नाही म्हणत नसे, कारण पुढच्या खेपेला त्याच्या घरचं गाठोडं दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर असणार होतं. सामान पोचे ते गावकऱ्यांच्या खोलीत, जिथे माणसं पाळीपाळीने झोपत. मुंबईहून साखर, चहापत्ती, गिरणीचं कापड, कंदिलाची काच जाई. त्याचं कौतुक पुष्कळ झालं आहे.

गावाकडून येणाऱ्या या मालामागे मेहनत होती. आमसुलांचंच घ्या. रातांबे फोडायचे, सालं उन्हात घालायची, त्यांच्याच रसात पुन्हापुन्हा भिजवून वाळवायची, तेही पाऊस लागायच्या आत. कुळीथ भाजायचे, भरडायचे, पाखडायचे, मग जात्यावर दळायचे. गावी राहिलेल्या बायकांच्या या कामाला ना हजेरीपट होता ना पगार. फायदा मात्र गिरणीमालकालाही होता. कामगाराची बायकामुलं शेतीवर कशीबशी भागवत, म्हणून एकट्या माणसापुरती मजुरी देऊन त्याचं निभत असे. गाव आणि गिरणीच्या या नात्याची दुसरी बाजू इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवली: गावचा आधार होता म्हणून कामगार लांबलेल्या संपात तग धरू शकले. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पगार थांबले, तेव्हाही कित्येकांनी गावचीच वाट धरली.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, २०१५ मध्ये जुनी मनीऑर्डर बंद झाली. पैसे आता फोनवरून जातात, कुळथाची पिठी दादरला दुकानात मिळते. तरीही मे महिन्यात मुंबईकडे निघालेल्या रात्रीच्या गाड्यांच्या डिक्या पेट्यांनी आणि गोण्यांनी भरलेल्या असतात.

या परतीच्या मालाचा लेखी पुरावा मला सापडतो तो घरगुती पत्रांत. खुशालीच्या मजकुराखाली, कुणाबरोबर काय पाठवलं याची यादी असते आणि पोचल्याचं कळवण्याची ताकीद. अभ्यासकाला एवढ्या चार ओळीही पुरतात. माळा आवरताना आजीच्या ट्रंकेत अशी पोस्टकार्डं सापडली, तर कृपा करून ती रद्दीत घालू नका.