मारुती कांबळे आणि वासुदेव पवार

गेल्या शनिवारी ‘सामना’ आणि रविवारी ‘कोर्ट’ असे दोन चित्रपट घरी बसून पाहिले. दोन्ही पूर्वी पाहिलेले. ते लागोपाठ पाहण्यामागे काही योजना नव्हती. पण दोन्हींच्या मध्यभागी एक मेलेला माणूस आहे आणि तो कसा मेला हा प्रश्न आहे, हे या योगायोगामुळे लख्ख जाणवले.

‘सामना’ तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात होता. हिंदुराव धोंडे पाटलाच्या सहकारी साम्राज्यात एक दारुडा, जुना स्वातंत्र्यसैनिक मास्तर येऊन पडतो आणि मारुती कांबळेचे काय झाले, एवढेच विचारत राहतो. निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर बसले की कॅमेऱ्याला फारसे काही करावे लागत नाही. निळूभाऊंचा हिंदुराव मला खलनायक वाटतच नाही. तो यजमान आहे. पाहुण्याला पाजतो, आपले वैभव दाखवतो, आणि या फाटक्या माणसाने ते मान्य करावे अशी त्याची आतून धडपड असते. म्हणून तर तो प्रश्न त्याला टोचतो. अर्थात चित्रपटाचा उत्तरार्ध मला जरा सोपा वाटतो. एका माणसाच्या प्रश्नाने एवढी सत्ता हलावी, यावर विश्वास ठेवण्यासाठी त्या सत्तेला लाज वाटू शकते हे आधी गृहीत धरावे लागते. तेंडुलकर ते गृहीत धरतात. त्यांच्यासारख्या लेखकाने धरावे, याचे नवल वाटते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) ते गृहीतच उरलेले नाही. वासुदेव पवार हा गटार साफ करणारा कामगार मॅनहोलमध्ये मेलेला सापडतो, आणि नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहीराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली असा खटला उभा राहतो. (दोन्हीकडे कांबळे आहेत; एकाला नाहीसे केले जाते, दुसऱ्याला तारखा मिळतात.) इथे हिंदुराव कोणीच नाही. सरकारी वकील बाई कलमे एकसुरात वाचतात आणि लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. गीतांजली कुलकर्णी यांनी हा साधेपणा इतका अचूक उभा केला आहे की त्यांचा राग येत नाही, आणि राग येत नाही याचीच भीती वाटते. न्यायाधीश एका स्त्रीचे प्रकरण तिने बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून पुढे ढकलतात. सुट्टीत तेच गृहस्थ सहलीला गेल्यावर, न बोलणाऱ्या मुलासाठी नाव बदलण्याचा आणि खड्याचा उपाय सुचवतात.

हा चित्रपट संथ असल्याची तक्रार विद्यार्थी करतात. घरी पाहताना ती अधिकच खरी वाटते, कारण रिमोट हाताशी असतो. शेवटाकडे रिकामे होत गेलेले न्यायालय अंधारात बुडते आणि कॅमेरा तिथेच थांबतो. तेव्हा आमच्याकडे चित्रपट संपला असे समजून कोणीतरी दिवा लावला. पण ते थांबणे हाच चित्रपटाचा मुद्दा आहे. खटल्याला घाई नसते. घाई आपल्याला असते.

वासुदेवचे काय झाले, हे खरे तर त्याची बायको साक्षीत सांगून टाकते. सुरक्षेची साधने नव्हती, आतल्या वायूने एक डोळा गेला होता, दुर्गंधी सोसण्यासाठी तो पिऊन उतरायचा. हुंदका नाही, आरोप नाही; विचारले तेवढेच ती सांगते. मास्तराला सबंध चित्रपट घालवून जे उत्तर मिळवावे लागते, ते इथे काही मिनिटांत नोंदवले जाते आणि कोणाचेही काही बिघडत नाही. कांबळेला जामीन मिळतो आणि पुन्हा अटकही होते.

साक्षीनंतर बचावाचे वकील तिला गाडीतून सोडतात आणि पैसे देऊ करतात. ती ते घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते.